ठरावाने मंजूर झालेला पोशाख

१० डिसेंबर २०१८

मीच का! धारूरच्या घाटात सायकल शर्यत, आणि गावातर्फे मी. कारण काय, तर दूध संस्थेचे कॅन सायकलवर वाहणारा मीच. आता दुष्काळामुळे जनावरं चारा छावणीत, दूध बंद, म्हणजे मी, संस्थेचा सचिव, रिकामा. आमच्या संस्थेचे अध्यक्ष मोहनराव — 'बसूनच हायस की बे गहिनी!'

पण बक्षीस ऐकलं आणि हो म्हटलं. जिंकेल त्या गावाला महिनाभर रोज टँकर! तालुका दूध संघाच्या सुंदररावांनी माइकवर जाहीर केलंय. आमच्याकडे टँकर येतो कधीमधी. एरवी आई कोरड्या विहिरीत उतरते आणि वाटीने पाणी खरवडते. मी वर दोर धरून उभा. मला जिंकायचंय — काहीही करून.

१२ डिसेंबर

सायकल आली. संघाने प्रत्येक गावाला एकेक दिलीय, हेल्मेटसकट. टायर हे एवढे जाड! सोबत कागद. थंडीत डोंगर चढताना अंगावर तीन थर हवेत — आतला घाम टिपून लगेच वाळणारा, मधला उबदार, बाहेरचा वारा अडवणारा. आत सुती बनियन अजिबात नको म्हणे. माझ्याकडे आत घालायला सुती बनियनच आहेत. त्यांनाही भोकं.

शेवटी ठळक अक्षरात — हिवाळी पोशाख सक्तीचा.

१५ डिसेंबर

मोहनरावांनी सभा लावली! आमच्या संस्थेत झाडू आणायचा तरी सूचक आणि अनुमोदक लागतो. मग माझे कपडे कसे सुटतील?

आतल्या थराला संचालक बंकटच्या पोराचा नायलॉनचा कबड्डीचा टी-शर्ट. मंजूर. मधल्या थराला मोहनरावांच्या भावाचा मिलिटरीतला कोट. कोट माझ्या गुडघ्यापर्यंत येतो, पण अध्यक्षांच्या घरचा, विरोध कोण करणार? वारा अडवायला खताची गोणी, डोक्याला आणि हातांना भोकं पाडून. खरं सांगतो, गोणीने वारा झकास अडतो.

हातमोजे कुठून आणायचे? बंकट कपाटातून गठ्ठा घेऊन आला. गाई भरवताना, म्हणजे रेतन करताना, डॉक्टर घालतात ते प्लास्टिकचे, खांद्यापर्यंतचे! 'संस्थेचा माल हाय, वापरा की!' सगळे खदखदा हसले. आणि सगळ्यांनी हात वर केले.

एकट्या बाई संचालक केसरबाई. त्या म्हणाल्या, 'सगळ्यांचं घेतलं, माजं कावून न्हाई?' म्हणून त्यांनी विणलेली कानटोपी. तिच्यावर हेल्मेट बसत नाही. मग हेल्मेट टोपीवर सुतळीने बांधायचं, असा उपठराव. धूळ उडते म्हणून बंकटचा वेल्डिंगचा काळा चष्मा. तोही एकमताने.

मला कुणी विचारलं नाही. मी इतिवृत्त लिहीत होतो.

२१ डिसेंबर

पहाटे घाटात सराव. थंडी अशी की दात वाजत होते. कोट, गोणी — उत्तम! पण हातमोज्यांत घाम साचला. हात वर केला तर पाणी काखेपर्यंत. चष्म्यावर वाफ धरली आणि सरळ शेळ्यांच्या कळपात शिरलो. शेळ्यावाली म्हातारी मला बघून पळाली.

मोहनरावांना म्हटलं, निदान चष्मा वगळा. 'ठराव बदलायचा तर सभा लागंल. गणपूर्ती कुटून आणू? आर्दं गाव परवाच ऊस तोडायला गेलंय.'

मी घरी आलो आणि गोणीसकट आडवा झालो.

६ जानेवारी

शर्यत सकाळी सहाला. आम्ही सगळे साडेपाचपासून कुडकुडत उभे. सुंदरराव आले अकरा वाजून गेल्यावर! मग दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, भाषण — थंडीत व्यायाम का करावा. ऊन असं की माइकला हात लावला तर चटका.

झेंडा हलला. पहिल्याच वळणावर पुढची पोरं स्वेटर काढून फेकायला लागली. घाटाच्या कडेला मफलर आणि जाकिटं, जणू बाजार भरलाय. मी कोटाच्या बटणाला हात घातला, तर मागून मोटारसायकलवर बंकट — 'काडू नको बे! ठराव हाय!'

नाही काढला. का नाही काढला? शिवी देऊन फेकायला हवा होता. पण मला सवयच नाही. गोणीत शिजत, समोर काळोख, बंकट ओरडेल तिकडे हँडल वळवत, शर्यत संपते त्या किल्ल्यापर्यंत गेलो. चौथा आलो. दगडावर बसलो आणि रडलो. चष्म्यामुळे कुणाला कळलं नाही.

मग पंच आले. पहिले तिघे साध्या शर्टात! हिवाळी स्पर्धा, हिवाळी पोशाख सक्तीचा — तिघेही बाद. मला उभं केलं, पुढून-मागून तपासलं, हातमोजे कोपराच्या वरपर्यंत ओढून पाहिले.

विजेता गहिनीनाथ!

मोहनरावांनी मला मिठी मारली. कोटालाच मारली असेल.

८ जानेवारी

टँकर आला! आई विहिरीवर गेली नाही. दारात उन्हात बसून तिने केस धुतले.

१२ जानेवारी

थोरली बहीण सावित्री सासरहून आली. घाटापलीकडच्या गावातून, चालत, दोन रिकाम्या घागरी घेऊन. तालुक्याला टँकर तेवढेच आहेत म्हणे. आमच्याकडे रोज येतोय तो त्यांच्या गावचा. ड्रायव्हरनेच तिला सांगितलं.

मी घागरी भरल्या. ती म्हणाली, 'तुजा काय दोष हाय त्यात?' मग एक घागर उचलत — 'फुडल्या म्हैन्यात परत शर्यत हाय. तुजे दाजी उतरणार हायत. त्यांच्याकडं अंगावर घालायला काय बी न्हाई रे. तुजे कपडे देतोस का?'