दर्यावर गेलेल्याचं नाव

॥ श्री लक्ष्मीनारायण प्रसन्न ॥

बांदा,
ता. ३ ऑगस्ट १९६०

चि. सत्यवान यास सरलाताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सगळी खुशाल. गेल्या आठवड्यात नदीचं पाणी तुझ्या भावोजींच्या दुकानात शिरलं, गुळाच्या ढेपा तेवढ्या माळ्यावर टाकता आल्या. ते अजून मुंग्यांशी भांडतायत.

काल दुपारी जरा डोळा लागला तर बाबा आले. वालावलच्या खाडीकाठी छत्री मिटून उभे, पलीकडचे माड धुक्यात बुडालेले, आणि कुणाची तरी वाट बघावी तसे शांत. मी हाक मारली तर हातानेच थांब म्हणाले. जाग आली आणि बराच वेळ मी कुठल्या घरात आहे तेच उमगेना. जाऊन वर्ष उलटलं, तरी ते कायमचे गेले असं मला अजून वाटतच नाही बघ.

लिहिण्याचं कारण म्हाळ. वर्षश्राद्धाला तुला रजा मिळाली नाही, माईने समजून घेतलं. भाद्रपदातल्या म्हाळाला ती समजून घेणार नाही. नारळ हातात घेऊन घरापुढच्या खळ्यात उभं राहायचं, देवाला नि पूर्वसांना, म्हणजे गेलेल्या वाडवडिलांना, हाक घालून घराचं गाऱ्हाणं सांगायचं, तो मान आता तुझा. लोकांनी प्रत्येक मागण्याला व्हय म्हाराजा म्हणायचं, तू मात्र कचेरीतला अर्ज वाचल्यासारखं बोलू नकोस हो!

बाबांचं गाऱ्हाणं म्हणजे अख्खा गाव असायचा. मुंबईला गेलेले, सातवीच्या परीक्षेला बसलेले, राधाबाईची गाभण गाय, एवढंच काय, ज्याच्याशी कुंपणावरून सहा वर्षं बोलणं नव्हतं तो बाबली तारीसुद्धा. मास्तरांचं संपेपर्यंत नारळाला कोंब फुटेल, असं लोक म्हणायचे. आणि शेवटी आपला दत्तादादा. दर्यार गेल्लो माझो दत्ताराम, जंय आसात थंय त्याका सुखरूप ठेव रे म्हाराजा. एडनहून त्याचं ते एकच पत्र आलं सत्तेचाळीस साली, त्यानंतर एक म्हाळ असा गेला नाही की हे मागणं झालं नाही.

आता गंगारामकाका म्हणतात, बारा वर्षं उलटली की शास्त्राने माणूस गेला असं धरायचं. यंदा दादाचं नाव पूर्वसांत घ्या, नाहीतर त्याला पाणी मिळणार नाही. बाबांपुढे हे बोलायची त्यांची छाती नव्हती. अरे, पण तू नाव घेशील त्या घटकेला विमलावहिनीचं कुंकू जाईल, आणि तेही तुझ्या तोंडून! माझं ऐक, बाबा म्हणत तेच म्हण.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
सरलाताई

*

गिरगाव, मुंबई,
ता. १५ ऑगस्ट १९६०

ती. सरलाताईस सत्यवानचा शि. सा. न. वि. वि.

रजा मिळाली. पत्र मात्र तीनदा फाडून चौथ्यांदा लिहितोय.

ताई, तुझ्यापासून एक गोष्ट लपवली. चोपन्न साली मी बोटीच्या कचेरीत जाऊन चौकशी केली होती. दादाची बोट एडन सोडल्यावर तुफानात सापडली, कुणी वाचलं नाही. तिथल्या कारकुनाने यादीत बोट ठेवून नाव दाखवलं. मी बाबांना शाळेच्या पत्त्यावर तसं पत्र टाकलं.

बाबांचं उत्तर आलं नाही. मी गणपतीला गेलो तेव्हा ते मला देवळाच्या तळ्याकडे घेऊन गेले. हाताने पाण्यावरची पानं बाजूला सारली. मग म्हणाले की हे तुझ्या-माझ्यात राहू दे, विमला पोर कशाच्या आधारावर बसली आहे ते मला ठाऊक आहे. त्या वर्षीही त्यांनी गाऱ्हाणं तसंच घातलं, आवाज जरासुद्धा हलला नाही. मला त्यांचा राग आला होता, खरं सांगतो. शाळेत मुलांना खोटं बोलू नका म्हणून छड्या मारणारा माणूस, आणि देवासमोर हे!

आता ते मी कसं म्हणू? मी बाबा नव्हे. काकांचंही चूक नाही, दादाला तेरा वर्षं कुणी ओंजळभर पाणी दिलेलं नाही. आणि वहिनी बत्तीस वर्षांच्या आहेत, त्यांनी आणखी किती वर्षं वाटेकडे डोळे लावायचे? मला सुचेनासं झालंय.

रागावलीस तरी पत्र टाक.

तुझा,
सत्यवान

*

वालावल,
ता. २४ ऑगस्ट १९६०

रा. रा. सत्यवानभावोजींस विमलाचा नमस्कार. माझ्या नावाआधी सौ. लिहावं की नको ते यंदा कळेना, म्हणून नुसतंच लिहिलं.

माईंची प्रकृती बरी आहे. परसातली भेंडी उतू चालली आहे, तुम्ही याल तेव्हा खाऊन कंटाळाल.

सरलावन्सं येऊन गेल्या. माझ्याकडे बघून सारख्या डोळे पुसत होत्या, तेव्हा म्हटलं लिहावं. भावोजी, तुम्ही चोपन्न साली मामंजींना लिहिलेलं पत्र मी तेव्हाच त्यांच्या पंचांगात सापडून वाचलं. उद्या दत्ताचं पत्र आलं तर दुसऱ्याकडून कशाला वाचून घेशील, म्हणून मला वाचायला त्यांनीच शिकवलं होतं. ते स्वतःच विसरले.

मी त्यांना कळू दिलं नाही. इतक्या मायेने ते मला जपत होते, आपल्याला ठाऊक आहे हे सांगून त्यांना दुखवायचं कसं? म्हाळाच्या दिवशी ते यांचं नाव घेत आणि इतके लोक व्हय म्हणत, तेवढा वेळ मला वाटे, हे खाडीतून वर येतायत, पाय धुवायला पाणी मागतील. तेवढ्यावर माझं वर्ष जाई. वेड म्हणा हवं तर.

माझ्याकरिता काकांशी तंटा नको. तुम्हाला खरं वाटेल तेच म्हणा. फक्त आधी कळवा, म्हणजे मी त्या वेळी माजघरात थांबेन. चारचौघांत मला ते जमणार नाही.

आठवण ठेवता, तशीच ठेवा.

विमला

*

वालावल,
ता. १२ सप्टेंबर १९६०

ती. ताईस सत्यवानचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या सासूबाईंचा पाय मोडल्यामुळे तुला काल येता आलं नाही. म्हणून झालं ते सगळं जसंच्या तसं लिहितो.

वहिनींना सगळं ठाऊकच आहे असं त्यांचं पत्र आल्यावर मी ठरवून टाकलं होतं की आता खरं तेच बोलायचं. त्यांना आल्या आल्या तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि चहा ठेवायला गेल्या.

खळं भरलं होतं. मी नारळ घेतला. आधी जीभ अडखळली, मग कुठून कोण जाणे, बाबांचे शब्द आपोआप यायला लागले. सगळ्यांची नावं घेतली, व्हय म्हाराजाचा गजर होत होता. मग पूर्वसांकडे वळलो. पणजोबा, आजोबा, बाबा. आणि म्हटलं, माझो भाऊ दत्ताराम.

ताई, कुणीच व्हय म्हटलं नाही.

मला वाटलं ऐकू गेलं नसेल. पुन्हा म्हटलं. सगळे खाली बघत उभे. काकांकडे पाहिलं, ज्यांनी हट्ट धरला होता त्यांच्याकडे.  नारळ माझ्या हातात जड झाला. शेवटी काकाच पुढे आले, माझ्या पाठीवर हात ठेवून घोगऱ्या आवाजात म्हणाले, तुझो बापूस सांगी तसाच सांग रे झिला.

मग मी सांगितलं. दर्यार गेल्लो आमचो दत्ताराम, जंय आसात थंय. पुढचं पुरं होण्याआधीच व्हय म्हाराजा असं उठलं की माडावरचे कावळे उडाले. त्यात एक आवाज माजघरातून होता. तेरा वर्षांत वहिनींनी कधी तोंड उघडलं नव्हतं.

जेवणं झाल्यावर बाबली तारी हात धुताना माझ्या शेजारी आला. म्हणाला की त्या बोटीची बातमी वेंगुर्ल्याच्या एका खलाशाने सत्तेचाळीसच्या दिवाळीतच गावात आणली होती. सगळ्यांना माहीत होतं, काकांना, राधाबाईला, त्याला स्वतःला. पण मास्तरांना हे सोसणार नाही, म्हणून गावाने तोंडाला कुलूप लावलं, आणि दर म्हाळाला येऊन व्हय म्हणत राहिले. भांडण असतानाही तो कुंपणापलीकडे उभा राहून म्हणायचा म्हणे. मला हसू आलं आणि मग मी लहान मुलासारखा रडलो.

सगळे गेल्यावर माई पत्रावळी गोळा करत होती. मी तिच्याजवळ बसलो, आणि कसंबसं बोललो की माई, दादाचं सगळ्या गावाला ठाऊक होतं.

माईने वर न बघता विचारलं, तुका आज कळला काय रे?

आहे तेवढा लोभ असू दे, मला आता त्याची गरज आहे.

तुझा,
सत्यवान