सुकाणूवरचा हात

कॅस्लो, २८ जुलै १९९४

चि. क्लेटन यास ताईचे आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. बाबांसाठी कॅल्गरीच्या वृद्धाश्रमात सप्टेंबरपासून खोली घेतलीस, आणि आम्हाला कळवतोस सगळं ठरवून झाल्यावर. वा रे कर्ते! कारण काय, तर म्हणे बाबांच्या हातात आता बोटीचं सुकाणूसुद्धा राहत नाही.

रविवारी सरोवरावर काय झालं ते इतक्यात विसरलास? नवी कोरी बोट आणलीस, मागे पाच गळ सोडलेस, मासे दाखवणारं यंत्र बसवलंस आणि बाबांना सामानासारखं कोपऱ्यात ठेवलंस. चार तास पट्टीने आखल्यासारखी सरळ बोट चालवलीस. लागले दोन कोकनी मासे, तेही हिसका मारून, ओठ फाडून घालवलेस. एवढ्या नाजूक तोंडाचा मासा असा ओढतात होय रे? शेवटी तू पुढे जाऊन त्या यंत्राची पुस्तिका वाचत बसलास, तेव्हा बाबांनी सुकाणू घेतलं. बोट नागमोडी फिरली आणि वीस मिनिटांत सात मासे! तुझ्या यंत्राला अजून पत्ता लागला नसेल. वर तू म्हणालास, नशीब.

बाबा इथेच राहतील. लोभ आहे तेवढा पुरे, वाढवायची घाई नको.

तुझी इर्माताई


कॅल्गरी, ५ ऑगस्ट १९९४

ती. ताईस सा. न. वि. वि.

सात माशांचं कौतुक तू जन्मभर पुरवणार असं दिसतं. परत येताना बाबांनी धक्क्यावर बोट आदळली, ते मात्र तुझ्या पत्रात कुठे सापडलं नाही. बोट गेली खड्ड्यात. तू दिवसभर दुकानात असतेस, उद्या शेगडीवरून उकळतं भांडं असंच सुटलं तर? नागमोडी म्हणे! हात थरथरतो म्हणून बोट वाकडी जाते, त्याला तू कसब म्हणतेस. बाबांशिवाय करमणार नाही असं सरळ लिही की. माशांच्या आड कशाला लपतेस?

आणखी एक. लहानपणी त्यांनी मला सुकाणूला कधी हात लावू दिला नाही. एकदा तरी त्यांच्यासमोर मासे धरून दाखवावेत असं फार वाटत होतं. तू तेवढ्यावरही हसलीस.

खोली पक्की आहे. राग मानू नये. मानलाच तर पत्राने कळवावा.

तुझा क्लेटन


कॅस्लो, १२ ऑगस्ट १९९४

चि. क्लेटन यास अ. उ. आ.

अक्षर वाईट आहे, लावून वाच. इर्माने तुझं पत्र टेबलावर आपटलं, ते मी वाचलं. दोघांची वयं मिळून शंभर होतील आणि भांडता पहिलीतल्या पोरांसारखे. मला कुणी विचारलंत?

कोकनी नागमोडी बोटीलाच लागतो. वळणावर बाहेरच्या बाजूचा गळ वेग घेतो, आतला खाली बसतो, की मासा झडप घालतो. हात धड होता तोवर, चाळीस वर्षं मी हेच केलं. तुला शिकवलं नाही ही चूक माझी. पण थरथरत्या हाताने वळण घेता येत नाही रे. त्या दिवशी पहिल्याच वळणाला सुकाणू माझ्या हातून सुटलं. तू पाठ करून वाचत होतास. इर्माने माझ्या हातावर हात ठेवला आणि पुढची सगळी वळणं तिने घेतली. आणि तुला लिहिते, बाबांनी चालवली. खोटारडी! धक्क्याला मात्र मी एकटा होतो.

मी कॅल्गरीला येतो. तुझ्या शहाणपणामुळे नव्हे, त्या भ्रमात राहू नकोस. तुमची आई गेल्यापासून अकरा वर्षं ही पोरगी माझं जेवणखाण, औषधपाणी करत बसली आहे. नेल्सन गावचा तो सुतार तीन वर्षं तिला लग्नाचं विचारतो आणि ती दर वेळी माझं कारण पुढे करते. मी इथे आहे तोवर ती हो म्हणायची नाही.

तिला अजून काही सांगितलेलं नाही. हे पत्र मी स्वतः चालत जाऊन टाकतो आहे. तिने मला अडवायच्या आत ये.

तुझा बाप