मी पाहिलेला एक जीव

१२ डिसेंबर, गुरुवार

आज सेवाग्रामच्या दवाखान्यात तपासणी. माधवीचा पाय सुधारतोय म्हणाले. काठी घेऊन चालते. उजवा हात अजून लुळाच. आणि बोलणं — काहीच नाही. दिवाळीच्या आधी लकवा मारला तेव्हापासून या घरात तिचा आवाज नाही.

स्पीचवाल्या मॅडम चांगल्या आहेत. आमच्या लेकीच्या, आचलच्याच वयाच्या. म्हणाल्या, "काका, त्यांना सगळं समजतं. शब्द आत अडकलेत. त्या रोज जे काम करायच्या, त्याच्याबद्दल बोलत राहा."

परत येताना गाडीत मी पेपर मोठ्याने वाचत आलो. कापसाचे भाव, पुढाऱ्यांची भाषणं. तिने खिडकीकडे तोंड फिरवलं. जन्मभर पोरांना जीवशास्त्र शिकवलेल्या बाईला कापसाचे भाव! मग आमच्या सिंदीचं स्टेशन येईपर्यंत पेपर घडी करून मांडीवर.

१३ डिसेंबर, शुक्रवार

भजनं लावली. तिने डोळे मिटले. झोप लागली की कंटाळली, कळलं नाही.

१७ डिसेंबर, मंगळवार

थंडी पडली एकदाची. मंदाबाई — स्वयंपाकाला येते ती — दिवाणातून रजया काढत होती. रजयांच्या खालून कागदांचे गठ्ठे निघाले, सुतळीने बांधलेले. "दादा, रद्दीत देऊ का हे?"

पाहतो तर पोरांचे निबंध!

दर दिवाळीच्या सुट्टीत ती आठवीला एकच विषय द्यायची — 'मी पाहिलेला एक जीव'. पुस्तकातला नाही, पाहिलेला. सुट्टी संपली की गठ्ठा आमच्या ओसरीवर. मी कृषी केंद्र बंद करून, बियाण्या-खताचा वास अंगावर घेऊन घरी यायचो तर ही लाल पेन धरून बसलेली, एकटीच हसत. चपला काढायच्या आधीच, "अहो, हे ऐका!"

'गांडुळाला डोळे नसतात, म्हणून तो शाळेत जात नाही.'

'बेडूक उभयचर आहे. तो पाण्यात बेडूक असतो आणि बाहेर आल्यावर पण बेडूकच असतो.'

चहा थंड होऊन जायचा. आचल लहान होती. तिला काही कळायचं नाही, पण आई हसते म्हणून तीही टाळ्या वाजवायची. केवढा आवाज असायचा तेव्हा ओसरीवर! शेजारचे महादेवराव भिंतीवरून विचारायचे, "काय झालं बा, लॉटरी लागली का?"

मंदाबाईला म्हटलं, हात लावू नको त्याला.

१९ डिसेंबर, गुरुवार

बोलली!!

अंजू नावाच्या कुण्या मुलीचा निबंध वाचत होतो. भोपळ्याच्या वेलावर. 'पानाच्या खालच्या बाजूला बारीक तोंडे असतात, त्यांना —' पुढचा शब्द मला लागेना. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. अंदाजाने वाचलं, "पर्णचंद्र."

माधवीने मान वर केली. कपाळाला आठी.

"चूक."

स्पष्ट! जशी वर्गात म्हणायची तशी. मी कागद ठेवला. डोळ्यांना धारा लागल्या. मंदाबाई तव्यावरची पोळी टाकून धावत आली. "काय झालं, दादा?"

"बाई बोलली! चूक म्हणाली!"

"कोनाचं चुकलं?"

"माझं!"

"मंग रडता काऊन?"

२४ डिसेंबर, मंगळवार

रोज वाचतो. मध्ये मध्ये मुद्दाम चुकतो. पण मुद्दाम केलेली चूक तिला ओळखू येते. काही म्हणत नाही, नुसती बघते — कॉपी पकडल्यासारखी.

२ जानेवारी, गुरुवार

शब्द येताहेत. पण कुठले! पाणी म्हणता येत नाही. चहा म्हणता येत नाही. माझं नाव नाही, 'अहो' नाही. येतात ते सगळे वर्गातले.

सकाळी खिडकीकडे बोट केलं — "पर्णरंध्र." मला काही कळेना. आठवीचं पुस्तक शोधून काढलं. पानाची तोंडं, ज्यातून हवा आत-बाहेर होते. खिडकी उघडली. हसली! उन्हात खुर्ची हवी असली की "हरितद्रव्य". तहान लागली की "मूळ". आता मला अर्धंअधिक कळतं. दहावीनंतर विज्ञान सुटलं तेव्हा मी मित्रांना पेढे वाटले होते. आता दुकानात गिऱ्हाईक नसलं की आठवीचं पुस्तक उघडून बसतो.

दुपारी मंदाबाईची वांगी करपली. माधवीने एक घास घेतला. थांबली.

"जीवाश्म."

"काय म्हनलं बाईनं?"

"चांगली झाली म्हणते."

"मंग वाढू का अजून?"

मला हसू आवरेना. तिलाही! ठसका लागला, पाठ थोपटावी लागली. किती दिवसांनी हसलो दोघं.

५ जानेवारी, रविवार

आचल नागपूरहून आली. आईच्या गळ्यात पडली. माधवीने तिच्या गालाला डावा हात लावला आणि म्हणाली, "कळी."

पोरगी खूप रडली. मग डोळे पुसून माझ्याकडे वळली.

"बाबा, हे असं किती दिवस चालवाल? माझ्याकडे चला. तिथे रोज थेरपी होईल. इथून सेवाग्रामले नेता महिन्यातून दोनदा, त्यानं काय होते?"

"अन् दुकान?"

"दुकानाचं काय घेऊन बसलात! आई बरी व्हायले पायजे की नाई?"

बरोबरच बोलते ती. तिच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात आम्हाला एक खोली. फेब्रुवारीत जायचं ठरलं. दुकान भाच्याला द्यायचं.

ती गेल्यावर मी माधवीला विचारलं, "जायचं ना?"

बराच वेळ ओसरीकडे पाहत राहिली. मग — "स्थलांतर."

होकार होता की प्रश्न, आवाजावरून कळलं नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिने मला तिळगूळ भरवला, डाव्या हाताने. बोलली काही नाही. न बोलताच गोड.

२० जानेवारी, सोमवार

दुकानात एक माणूस हरभऱ्याच्या अळीचं औषध घ्यायला आला. पावतीसाठी नाव विचारलं. म्हणाला, नागसेन. गाव सांगितलं. माझा हात थांबला.

"आठवीत पालीवर निबंध लिहिला होता का तू?"

तो दोन पावलं मागे सरकला. "तुमाले कसं माहीत, काका?"

कालच वाचला होता! 'पालीची शेपूट तुटली तर परत येते. मी आमच्या भिंतीवरच्या पालीची येताना पाहिली. माझ्या बाबाचे बोट जिनिंगच्या मशीनमध्ये गेले. ते परत आले नाही. म्हणजे पाल माणसापेक्षा हुशार आहे.' खाली लाल अक्षरात माधवीचा शेरा — 'निरीक्षण उत्तम. अक्षर सुधारणे.'

औषध तिथेच ठेवून तो माझ्यासोबत घरी आला. दारातच वाकला. "बाई, मी नागसेन. पालीवाला." आपला निबंध त्याने हातात घेतला आणि उभ्यानेच वाचला. शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"माहा बाप गेला, बाई, मागच्या साली. त्या बोटाचं मी शाळेत कोनालेच सांगतलं नव्हतं. हात लपवून चाले तो. फक्त तुमाले लिहून देल्लं होतं."

माधवीने त्याचा हात आपल्या डाव्या हातात घेतला. ओठ हलत राहिले, शब्द सापडेना. मी काही सुचवलं नाही. मॅडमनी सांगून ठेवलंय, थांबत जा.

"पेशी," ती शेवटी म्हणाली. आणि त्याची मूठ मिटून दिली. बाप त्याच्याच हातात उरलाय, असं काहीसं म्हणायचं असावं.

निबंध घेऊन जा म्हटलं. नको म्हणाला. "इथंच राहू द्या, काका. बाईजवळ."

इथेच? फेब्रुवारीत आम्हीच इथे नाही. पण तसं त्याला म्हणवलं नाही.

२८ जानेवारी, मंगळवार

आचलचा फोन. सामानासाठी ट्रक सांगितला, दहा तारखेचा. भाचा दुकान पाहून गेला. बियाण्यांच्या नावांवर दोनदा अडला. शिकेल.

३० जानेवारी, गुरुवार

आजचा दिवस!

दुपारी मंदाबाईचा दुकानात फोन. "दादा, बाई घरात नाई! मी कपडे वाळू घालाले गेलती, आली तं काठी बी नाई अन् बाई बी नाई!"

शटर तसंच उघडं टाकून पळालो. पहिले फाटकाकडे. रेल्वेचं फाटक! नको नको ते मनात आलं. फाटकवाल्याला विचारलं, चहावाल्याला विचारलं. कुणी पाहिलं नाही. लोक विचारत होते, बोलते का? नाव सांगेल का आपलं? काय सांगू त्यांना, 'हरितद्रव्य' म्हणेल म्हणून?

तेवढ्यात नंदिनीचा फोन. माधवीचीच विद्यार्थिनी, आता तिच्याच जागेवर विज्ञान शिकवते.

"काका, बाई शाळेत आहेत. घाबरू नका. अन् या, पण हळू या. आवाज करू नका."

आठवीचा वर्ग. दारात नंदिनी उभी, तोंडावर पदर दाबून. आत माधवी फळ्यासमोर. काठी टेबलाला टेकवलेली. डाव्या हाताने जास्वंदीचं फूल काढत होती, उभं कापलेलं. रेघा वाकड्यातिकड्या. पण फूल जास्वंदीचंच! एकेका भागावर खडू ठेवायची आणि म्हणायची —

"दलपुंज."

सगळी पोरं एका सुरात, "दलपुंज!"

"पुंकेसर."

"पुंकेसर!"

कुणी हसलं नाही. कुणी कुजबुजलं नाही. जिभेखालून एकेक शब्द ओढून काढावा लागत होता तिला, आणि पोरं थांबत होती! मॅडमनी मला शिकवलेलं थांबणं त्यांना कुणी शिकवलं?

नंदिनी हळूच म्हणाली, "काका, मी तिसऱ्या बाकावर बसत होती. अशीच काढायच्या फूल. फरक एवढाच, तेव्हा उजव्या हातानं काढत."

आवाज नको म्हणून काढलेल्या चपला हातात घेऊन मी व्हरांड्यात उभा. पायात घालायचं सुचलंच नाही.

३१ जानेवारी, शुक्रवार

नंदिनी घरी आली. मुख्याध्यापकांशी बोलून. "काका, दर शनिवारी बाईंना आणा. फळ्यावरचं त्या करतील, बाकी मी बोलते."

सांगितलं तिला, दहा तारखेला ट्रक आहे. तिचा चेहरा उतरला. "मग दोनच शनिवार. तेवढे तरी द्या."

संध्याकाळी आचलला फोनवर हे सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, हे सगळं ठीक आहे. पण ते पाठ केलेले शब्द आहेत. बोलणं नाही ते. आई कधी आपल्याशी एक वाक्य तरी बोलली का?"

नाही बोलली. खरं आहे.

१ फेब्रुवारी, शनिवार

पहिला शनिवार. पान, देठ, शिरा. पोरांनी अंगणातून पानं आणली होती, कुणी तर अख्खी फांदी! परत आल्यावर माधवी दमून झोपली. मी निबंधांचे गठ्ठे खोक्यात भरले. भरले आणि पुन्हा काढून ठेवले.

८ फेब्रुवारी, शनिवार

मागच्या बाकावरची एक बारीकशी मुलगी उभी राहिली. "बाई, पान तोडलं तं झाडाले दुखते का?"

नंदिनी उत्तर द्यायला पुढे झाली. माधवीने हात आडवा केला. वर्ग थांबला.

"मला माहीत नाही," माधवी म्हणाली. "तू बघ. मग मला सांग."

मी व्हरांड्यात आलो आणि आचलला फोन लावला. म्हटलं, ट्रकवाल्याला नको म्हणून सांग.