मिठाने पुसलेल्या अंगठ्याचा दाखला मिळणेबाबत

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तहसील कार्यालय, पेण, जि. रायगड

विषय : अंगठ्यावर रेषा नसल्या तरी मी मीच आहे, असा दाखला मिळणेबाबत (मुलाचे पार्थिव परदेशातून आणण्याकामी).
संदर्भ : मुलाच्या कंपनीचे पत्र, नोटरी वकिलांचा तोंडी नकार, पेण व रोहा.

महोदय,

१. मी खाली अंगठा करणारी सीताबाई दत्तात्रेय घरत, धरमतर खाडीकाठची राहणारी. लहानपणापासून मिठागरात कामाला आहे. माझा एकुलता एक मुलगा प्रणित आखातात वेल्डर होता. शिफ्ट संपवून खोलीवर झोपला तो उठलाच नाही. सध्या त्याला तिथल्या इस्पितळाच्या शवागारात ठेवले आहे. त्याचा बाप आधीच वारला, त्यामुळे वारस मी एकटी.

२. त्याला सोडण्यासाठी आईचे मुखत्यारपत्र लागते. नोटरी वकिलासमोर अंगठा करायचा, वकिलाने शिक्का मारायचा, मग पुढचे सरकारी शिक्के, असे कंपनीने कळवले आहे. माझे काम पहिल्याच पायरीवर अडले. पेणच्या वकिलांनी माझा अंगठा कागदावर टेकवून भिंगातून पाहिला. म्हणाले, "आजी, हा अंगठा नाय, शाईचा डाग हाय. यावर शिक्का मारला तरी कागद तिकडून परत येईल." त्यांचेही खोटे नाही. मिठाने आम्हां सगळ्यांचेच अंगठे गुळगुळीत झाले आहेत. दहाही बोटे करून झाली. रोह्याच्या वकिलांकडेही तेच.

३. कोणी म्हणाले, सही शिका. पुतणी नमिताने शिकवली. त्यावर वकील म्हणाले, जुन्या सर्व कागदांवर अंगठा आहे, सही जुळवू कशाशी? साक्षीदार मागितला म्हणून बायजाबाईला नेले. प्रणितच्या वेळी सुईण तीच होती. परंतु तीही मिठागरातलीच, तिचाही अंगठा कोराच निघाला. डॉक्टर म्हणतात, हातांना मिठापासून आराम द्या, रेषा परत येतील. मी आगरात जाणे सोडले आहे आणि रोज अंगठा उजेडात धरून बघते. साहेब, काही उगवत नाही. हातच्या काकणाला आरसा नको म्हणतात. मी तर अख्खी समोर उभी असते.

४. कागद महिनाअखेर न पोचल्यास त्याला तिथेच पुरू, असे इस्पितळाने कळवले आहे. आमच्यात पुरत नाहीत. त्याला आपल्या गावात अग्नी मिळावा, एवढेच मला हवे आहे. मला फार भीती वाटते.

५. आपल्या कार्यालयात दाखल्याची चौकशी केली असता सांगण्यात आले, की अंगठा उमटत नसेल तर आधारला जोडलेल्या मोबाइलवर आकडा येतो, तो सांगितला की ओळख पटते. हे मला ठाऊक आहे. रेशन दुकानातही माझे असेच चालायचे. तो नंबर प्रणितचा. आकडा तिकडे त्याच्याकडे जायचा आणि तो लगेच फोन करायचा, "आये, घाबरू नको, आकडा आला हाय. फोन दे दुकानदाराला."

त्याचा फोन त्याच्या सामानात, त्याच्याजवळच ठेवला आहे, असे कंपनीच्या पत्रात लिहिले आहे. तरी मला समोर बसवून, माझ्याकडे बघून दाखला द्यावा. त्या नंबरवर आकडा पाठवू नये, ही हात जोडून विनंती.

आपल्या दाराशी बसलेली,
सीताबाई दत्तात्रेय घरत
(डावा अंगठा, उमटला तेवढा)
लिहिणार : पुतणी नमिता
दि. ११ मार्च २०२५

सोबत :
१. कंपनीचे पत्र
२. अंगठ्यांचे कागद, पेण व रोहा
३. माझी सही, नमिताने शिकवलेली