चारूच्या नावाची मूठ

खांदा कॉलनी, पनवेल
१३ जानेवारी २०२५

चि. चारुदत्त यास ताईचा सलाम आणि प्रभूचे आशीर्वाद.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. दफनाला आलास, आईच्या पेटीवर मूठभर माती टाकलीस आणि फाटकातूनच नाशिकला परत गेलास. तुझ्यासाठी गाळलेला चहा शेजारच्या काशिरामकाकांनी प्यायला. त्यांना साखर चालत नाही.

आता कामाचं. १६ फेब्रुवारीला उपासनेनंतर चर्चमध्ये आईची स्मरणसभा आहे. जीवनवृत्तांत मुलाने वाचावा, असं पाळकसाहेब म्हणतात. मी लिहायला बसले, तर दोनच ओळी झाल्या. प्रमिलाबाईंनी चाळीस वर्षांत एकही रविवार चुकवला नाही, आणि उपासना संपल्यावर वीटभट्टीच्या वस्तीवर जाणंही चुकवलं नाही. पुढे सुचत नाही. तू ये आणि वाच. खोली झाडून ठेवली आहे.

तुझी,
अरुताई

नाशिक
२० जानेवारी २०२५

ती. ताईस सप्रेम सलाम वि. वि.

तिसरी ओळ मी सांगतो. प्रमिलाबाईंनी मुलाचं लग्न मात्र चुकवलं.

तुला आठवत असेलच. फुलं लावलेली नवरदेवाची गाडी घेऊन आई वस्तीवरच्या कमळीला बाळंतपणासाठी दवाखान्यात घेऊन गेली. मी माझ्या लग्नाला रिक्षाने गेलो. शपथा झाल्या, सह्या झाल्या, आशीर्वाद झाला, मग आई आली आणि आधी मंडपात जेवण पुरेल का ते बघायला गेली. मला एका शब्दाने काही बोलली नाही. त्याला अकरा वर्षं झाली. तिला वस्ती होती, मला राग होता. दोघांचंही ठीक चाललं होतं.

वृत्तांत तूच वाच. दिपा आणि मुलं मजेत.

तुझा,
चारू

खांदा कॉलनी
२९ जानेवारी २०२५

चि. चारूस सलाम.

भात टाकण्याआधी आई घरातल्या प्रत्येकाच्या नावाने एक मूठ तांदूळ बिस्किटांच्या डब्यात काढायची आणि रविवारी वस्तीवर न्यायची, हे तुला माहीत आहे. ती गेल्यावर तो डबा भरलेला सापडला. मी पोचवायला गेले. कमळीने विचारलं, यातला चारूचा कोणता. मग तिनेच सगळं सांगितलं.

आई तांदूळ तीन पिशव्यांत न्यायची. एक तिची, एक माझी, एक तुझी. तुझी पिशवी अकरा वर्षं कमळीच्या घरी गेली. तू आमच्यात जेवत नव्हतास, पण तुझी मूठ एक दिवसही चुकली नाही. कमळी जेवायच्या आधी तुझ्यासाठी देवाजवळ मागते. लग्नाच्या दिवशी गाडी तू स्वतः दिलीस, असं आईने तिला सांगितलं होतं. आई खोटं बोललेली मला सापडली ती ही एकदाच.

कमळी सभेला येणार आहे, तुला बघायला. चारू येणार हाय ना, असं तिने दोनदा विचारलं. तिला काय सांगू ते कळव. मला आता खोटं बोलता येणार नाही, आणि खरं बोलवत नाही.

वाट बघणारी,
अरुताई

नाशिक
५ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस सलाम.

पत्र वाचून मी रडलो. दिपा म्हणाली, गॅलरीत जाऊन रडा, मुलांची परीक्षा आहे. गॅलरीत थंडी होती.

मला आई हवी होती, ताई. लग्नात हवी होती, नंतरही हवी होती. तिला फोन मीच करायला हवा होता.

कमळीला सांग, येतो. गाडीचं काही बोलू नकोस, ते मी वृत्तांत वाचताना सांगेन. शनिवारी दुपारी पोचू, चहा काकांपासून लपवून ठेव.

आणखी एक. आता तू तुझी नि माझी मूठ काढत असशील. आईची बंद झाली असेल तर शनिवारपर्यंत तशीच राहू दे. आल्यावर ती मी काढीन.

लोभ अकरा वर्षं तू एकटीने सांभाळलास, आता थोडा माझ्याकडे दे.

तुझा,
चारू