चिलटांची लग्नं

नानपुरा, सुरत
२ मे १९७१

ती. श्रीपतदादांस अरविंदचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

तुमची खोकल्याची ढास थांबली असेल, वहिनींचा गुडघाही अमळनेरच्या उन्हात मोकळा झाला असेल. आमच्याकडे सगळी माणसं खुशाल आहेत. (माणसं मुद्दाम म्हटलं. चिलटांचं खाली लिहितो.)

तुमच्या मातोश्री, म्हणजे आमची सरलाआत्या, इथे आल्यापासून सौ. रजनीला बँकेतून आल्या आल्या आयता चहा मिळतो. तक्रार त्याबद्दल नाही. माझं संशोधन तुम्हाला ठाऊकच आहे. दीर्घायुष्य आईबापांकडून पोरांत उतरतं का, हे मी केळ्यांवरच्या चिलटांत पाहतो. (माणसांत पाहायचं तर आधी मीच जायचा, चिलट दीड-दोन महिन्यांत आटोपतं.) म्हातारपणी घातलेली अंडी तेवढी वाढवायची, तरण्यांची टाकून द्यायची, असं दोन वर्षं चाललं होतं. कॉलेजात मुंग्या लागल्या म्हणून बाटल्या घरी फडताळात आणल्या, तिथेच घात झाला.

आत्या रोज शेजारी बसून बघायची. एकदा म्हणाली, "म्हाताऱ्यांचीच लग्नं लावतोस. तरण्यांनी काय पाप केलंय रे?" मी हसून कॉलेजला गेलो. माझ्या मागे तिने (अगदी मी करतो तसंच, बाटलीच्या तोंडाला तोंड लावून, बुडावर टिचक्या मारत) तुलनेसाठी वेगळी ठेवलेली साधी तरणी चिलटं माझ्या म्हाताऱ्यांत सोडली. कापसाचे बोळे तर माझ्याहून नीट बसवले.

चार दिवसांनी माझे गाईड वशीसाहेब बडोद्याहून दीर्घायुषी वाण बघायला आले. भिंग लावलं आणि म्हणाले, "अरविंदभाई, आमां तो बधा जुवान छे!" (यात तर सगळे तरुणच आहेत!) तेवढ्यात आत्या कौतुकाने म्हणाली, "मीच सोडली. घर कसं भरल्यासारखं वाटतं!"

मग साहेबांनी आत्याच्या हातची दोन थालीपिठं खाल्ली आणि मला पहिल्या पिढीपासून सुरुवात करायला सांगितलं. या वेगाने पदवी मिळेपर्यंत म्हातारपणाचा नमुना म्हणून मलाच बाटलीत बसवतील.

तुमचा,
अरविंद

ता. क. : माझं तोंड बघून आत्याला सगळं उमगलं. तेव्हापासून ती धड जेवत नाही. ट्रंक भरून बसली आहे, शनिवारच्या भुसावळ गाडीने निघते म्हणते. रजनी रडकुंडीला आली आहे आणि, आता लपवून काय करू, मीही. तेव्हा तुमच्याकडे छपराचं काम निघालंय, दिवाळीपर्यंत पाय ठेवायला जागा नाही, असं तिला उलट टपाली कळवा.

आणखी एक : खोटं मोठ्या अक्षरांत लिहा. बारीक तिला दिसत नाही.