दुसऱ्या बाजूचं शेवटचं कडवं

पंतनगर, घाटकोपर (पूर्व)
११ फेब्रुवारी २०२५

ती. श्यामकांतकाकांस,

अस्मिताचा नमस्कार. गुडघा कसा आहे? काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झाल्याचं सत्कार समितीत काम करणाऱ्या निधीकडून कळलं. इकडे सगळे बरे आहेत. बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जायची आहे आणि प्रत्येक मीटिंगला मलाच बोलायला उभं करतात.

रविवारी मुलुंडला तुमचा सत्कार. मुख्य वक्ता म्हणून तुम्हीच माझं नाव सुचवलंत म्हणे. मी हो म्हटलं आहे. संपात बोलले, मोर्च्यात बोलले, पोलिसांच्या गाडीवर उभी राहून बोलले, पण एवढी तयारी कधी केली नव्हती.

त्यासाठीच तुम्ही ‘गादीला ढेकूण’ची जुनी रेकॉर्ड पाठवलीत. काका, ती मी पहिल्यांदाच हातात घेतली. आमच्या खोलीत वाजवायला यंत्र नव्हतं, आणि पुढे ज्या घरात ती लागली तिथून मी उठून आले. कव्हरवर राजाच्या गादीवर टोपी घातलेला ढेकूण. खाली ठळक अक्षरांत, ‘लेखक व कवी : श्यामकांत’.

हा वग बाबांनी लिहिला. कुर्ल्याच्या गिरणीतून आले की स्टोव्हशेजारी बसून लिहायचे, आईला वाचून दाखवायचे, ती हसली नाही तर ओळ खोडायचे. रेकॉर्ड निघायची ठरली तेव्हा तुम्ही घरी आलात. मी तिथेच होते. “भाऊ, मंत्र्याची टिंगल आहे. गिरणीतून काढतील तुला. या खेपेला माझं नाव राहू दे, पुढच्या छपाईला तुझं घालू.” बाबांनी तुम्हाला तसा शब्द दिला.

ते तुम्ही मनापासून बोललात, हे मी नाकारत नाही. तुम्हाला चौकीत बसवलं, आईने डबा पाठवला. पण मग तो मंत्री गेला. गिरणी बंद पडली. बाबांना कामावरून काढायला कोणी उरलं नाही. रेकॉर्ड मात्र पुन्हा पुन्हा छापली गेली आणि पुरस्कार तुमच्या भिंतीवर चढत गेले. बाबा गेल्यावर शोकसभेत तुम्ही त्यांना ‘आमचा गुणी झीलकरी’ म्हणालात. मागे उभा राहून दुसऱ्याची ओळ उचलून धरणारा. त्या दिवशी मी तुमच्या हातचं पाणीही घेतलं नाही, तुमच्या लक्षात आलं नसेल.

शनिवारी शेजारच्या नितेशचा रेकॉर्ड प्लेअर आणला आणि धाकूकाकांना बोलावलं. रेकॉर्डिंगच्या झीलकऱ्यांपैकी तेवढेच आता हयात आहेत. झीलकरी दोघं होते. दुसऱ्याबद्दल पुढे लिहिते.

शाहिराने शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफायचं, ही रीत तुम्हाला मी काय सांगणार. बाबांचं कडवं असं होतं :

ढेकूण फुगला, राजा सुकला, परजा म्हणते खाजवा रं
भाऊराव म्हणे, गादीच जाळा, मग झोपेचं बोला रं

रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला, अगदी शेवटी, तुम्ही खणखणीत आवाजात ‘श्यामकांत म्हणे’ गाता. मागून झीलकरी ओळ उचलतात. मी सुई मागे घेतली. पुन्हा ऐकलं. ढोलकीखाली दबलेला एक आवाज ‘भाऊराव म्हणे’ गातो आहे.

“धाकूकाका, हे तुम्ही?”

“मीच गो. चुकलंय.” आणि म्हातारा तोंडावर टॉवेल धरून हसायला लागला. “गावागावात भाऊराव भाऊराव करून गळो बसलेलो. तोंडातसून गेला ता गेला. श्यामकांत काचेकडे बघून हातवारे करी होतो, पण रेकॉर्डवालो म्हणालो, टायम संपलो, चला भायर.”

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. लाउडस्पीकरच्या गोंगाटात कोणाला कळणार, एवढ्या भरवशावर इतकी वर्षं काढलीत. इतकी, की ती रेकॉर्ड माझ्याकडे पाठवताना ते तुम्हाला आठवलंही नाही.

आता दुसरा झीलकरी. तो चुकला नाही. तो नीट, सुरात, ‘श्यामकांत म्हणे’ गातो. मी विचारलं नव्हतं, तरी धाकूकाका म्हणाले, “तो भाऊ.” त्यांचं हसणं तेव्हा थांबलं होतं.

बाबांचा आवाज मी ते गेल्यापासून ऐकला नव्हता. आमच्याकडे त्यांची एक कॅसेटसुद्धा नाही. जगात त्यांचा उरलेला आवाज एवढाच, आणि तो तुमचं नाव घेतो आहे. शब्द दिला होता ना त्यांनी तुम्हाला. त्यांनी आपला पाळला.

म्हणून रविवारचं भाषण मी रद्द केलं आहे. माइक हातात आला की ते कडवं वाजवीन. मुलुंडला येणारे लोक शाहिरी ऐकून म्हातारे झालेले आहेत, आणि नाट्यगृहाचे स्पीकर चांगले आहेत. धाकूकाका पहिल्या रांगेत असतील. मग मी तुम्हाला सगळ्यांसमोर एकच विचारीन, यात ‘श्यामकांत म्हणे’ गाणारा हा दुसरा झीलकरी कोण होता? आणि माइक तुमच्यासमोर धरीन.

आजारी पडू नका. आला नाहीत तर तुमच्या रिकाम्या खुर्चीसमोर वाजवीन, आणि लोक त्या खुर्चीकडे बघतील. हे पत्र समितीला दाखवून मला गाळायचा विचार असेल, तर दारातल्या पायऱ्यांवर वाजवीन. बाबांनी तुम्हाला कदाचित माफ केलं असेल. ते त्यांच्यापाशी. मी केलेलं नाही, आणि तुम्ही रडलात तरी करणार नाही.

आधी कळवते आहे, कारण चार रात्री तुम्ही उत्तर शोधत जागं राहावं असं मला वाटतं. मंचावर उत्तर द्यायला वेळ हवा तेवढा घ्या. मी बराच वेळ माइक धरू शकते.

अस्मिता भाऊराव घाडी